साहेबांनी बंद करायला लावलेली खिडकी

विमा कंपनीच्या कचेरीत सगळे त्याला पाठीमागे 'दुर्बीण' म्हणत. कामाच्या वेळेत इंटरनेटवर कोण काय उघडून बसलंय, हे पाहणं हीच त्याची नोकरी. तो दिसला की कुणीतरी ओरडायचं, "आला रे, झाकणं लावा!" तोही हसून घ्यायचा.

दाव्यांच्या विभागातल्या वहिनींच्या पडद्यावर मात्र त्याला रोज एकच चित्र दिसे: खुर्चीत बसलेला म्हातारा आणि मागे दार. ते वहिनींचे सासरे. त्यांना कशाची आठवण राहत नसे. दार बाहेरून लावलं तर हात सोलवटेपर्यंत धडका देत, नुसतं लोटलं तर चालू लागत. नवरा वारल्यावर नोकरी सोडणं वहिनींना परवडणारं नव्हतं. मोबाइल कचेरीच्या दाराशीच जमा होई. म्हणून घरातला कॅमेरा त्या कामाच्या कॉम्प्युटरवर कोपऱ्यात उघडून ठेवत, आणि सासरे दाराकडे वळले की टेबलावरच्या फोनवरून घराच्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना कळवत. दुर्बिणीने हे कधी वर जाऊ दिलं नाही.

मग नवे साहेब आले. त्यांनी स्वतःच अहवाल काढून पाहिला.

"दिवसभर व्हिडिओ? आजच्या आज बंद कर. पुन्हा दिसलं तर बाईंना घरी बसवीन."

त्याने बंद केलं. वहिनी त्याच्या खोलीत आल्या.

"भाऊजी, तुमच्या मशीनवर कोण नजर ठेवतं?"

"कुणी नाही."

"मग तुम्हीच बघा ना. नाहीतरी तुम्हाला सवय आहे." त्या हसल्या, पण दारातून हलल्या नाहीत.

नाही म्हणणं त्याला जमलं नाही. काही दिवस निभावले. एकदा म्हातारा कडीपर्यंत गेला. शिंपीणबाईंना फोन लावून, त्या म्हाताऱ्याला पुन्हा खुर्चीत बसवेपर्यंत तो पडद्यासमोरून हलला नाही.

एका दुपारी साहेबांनी संचालकांना त्याच्या खोलीतच आणलं. त्याची पाळतीची यंत्रणा त्यांना दाखवायची होती, त्याच्याच पडद्यावर. पावलं ऐकून त्याने कॅमेऱ्याची खिडकी मिटली. ती दिसली असती तर वहिनींची नोकरी गेली असती आणि त्याचीही. संचालक हौशी निघाले, प्रश्न संपेनात.

"साहेब, जरा जाऊन येऊ?"

"पाहुणे उठू देत."

पाहुणे उठले. त्याने खिडकी उघडली. खुर्ची रिकामी, दार सताड उघडं. शिंपीणबाई धापा टाकत फोनवर म्हणाल्या, "जिन्यात नाहीत हो. गल्लीतही नाहीत."

तो दाव्यांच्या विभागात गेला. त्याचा चेहरा पाहूनच वहिनी उठल्या.

"कधी गेले?"

"माहीत नाही. मी बघत नव्हतो, वहिनी."

त्या पर्सही न घेता जिन्याकडे धावल्या. साहेब मागून हाका मारत होते. दुर्बीणही वहिनींच्या मागे धावला.

"लोकांना विचारायचं तर सांगायचं काय? सकाळी पांढरा सदरा होता," वहिनी उतरता उतरता म्हणाल्या.

"त्यावर नंतर स्वेटर चढवलाय. निळा. उलटा. पाहुणे यायच्या आधी पाहिलं मी."

वहिनींनी कठडा धरला. "तो ह्यांचा आहे," त्या म्हणाल्या. "कपाटाच्या तळाशी होता. म्हणजे ते ह्यांनाच शोधायला गेलेत."

मग दोघं रस्त्यावर आले, आणि आधी कुठल्या बाजूला वळावं हे दोघांनाही सुचेना.