सेल्विनची भिंत आणि माझी बदकं

सेल्विन ओल्डरॉइड माझा शेजारी. शेजारी म्हणजे पलीकडच्या कोठडीतला; खोकला त्याला येतो आणि झोप माझी मोडते. यॉर्कशरच्या डोंगरांत सिमेंट न लावता दगडावर दगड रचून शेतांच्या भिंती घालायच्या, हा त्याचा धंदा. एकदा पबमध्ये त्याने एका शेतकऱ्याच्या डोक्यात दगड फोडायची हातोडी घातली. माणूस वाचला. सेल्विनला शिक्षा झाली कमीत कमी तीन वर्षं, आणि पुढे पॅरोल मंडळाला तो निर्धोक वाटेपर्यंत. त्याला आता तेरा वर्षं झाली. मी चोरलेल्या गाड्या रंगवून विकणारा सभ्य माणूस. माझी निदान सुटायची तारीख ठरलेली आहे.

सेल्विनला सगळ्यात महाग पडलं ते त्याचं तोंड न उघडणं. तीन मानसशास्त्रज्ञ येऊन "तेव्हा मनात काय होतं?" असं विचारून गेले. तिघांनाही याचं उत्तर एकच, "काय असणार?" तिघांच्या अहवालातही वाक्य एकच, की कैदी काहीतरी लपवतो आहे.

चौथी आली मिस थ्रेलफॉल. तिच्या पिशवीत मोठे कागद आणि स्केचपेनं. "बोलू नका," ती म्हणाली, "काढा. तुमचं सगळं आयुष्य एका चित्रात, आणि गुन्हा घडला तिथे एक खूण. मग आपण चित्राकडे बघत बोलू. एकमेकांकडे बघायला नको." विचार करायला आठवडा दिला.

सेल्विन घामाघूम होऊन माझ्या दारात.

"डेझ, काय काढू रे?"

"पूल काढ. अलीकडे काळे ढग, पलीकडे सूर्य. मंडळ पुलावर खूश असतं."

"मी आयुष्यात पूल बांधलेला नाही."

"कागदावर बांधायचाय, लेका! खाली नदी, नदीत दोन बदकं. बदकांनी कसा जिवंतपणा येतो."

हा सल्ला मी मजल्यावर बऱ्याच जणांना दिला होता. फुकट नाही, चहाच्या पुड्या घेऊन.

पुढचं मला सेल्विननेच जेवणाच्या रांगेत सांगितलं, बटाटे गार होईपर्यंत. त्याने पूल काढून दिला. मिस थ्रेलफॉलने पिशवीतून आणखी सात कागद काढून टेबलावर ओळीने मांडले. सात पूल, चौदा बदकं.

"मिस्टर ओल्डरॉइड, यात तुमचं काय आहे?"

"काहीच नाही, मिस."

"अहवाल शुक्रवारी जायचाय. कागद उलटा करा. पाठ कोरी आहे."

तासभर सेल्विन वाकून बसला. त्याने भिंत काढली, पण मधोमध कापल्यासारखी, आतलं दिसेल अशी. दोन अंगांना चांगले दगड, मधे खडीची भर, आणि दर हातभर अंतरावर दोन्ही अंगांना धरून ठेवणारा लांब आडवा दगड. वरच्या बाजूला मात्र एकही आडवा दगड नाही. तिथे भिंतीचं पोट सुटलेलं.

"इथे बाप गेला," तो म्हणाला. "त्यानंतर धरून ठेवणारं काही घातलंच नाही मी. आधी बाहेरून सरळच दिसते, पोट मागून सुटतं."

"आणि खूण?"

त्याने फुगवट्यावर फुली मारली. मग पेन तसंच धरून खाली, जमिनीवर, एक घर काढलं.

"हे काय?"

"माझं घर. हातोडी कमरेला नव्हती, मिस. भांडण झाल्यावर मी घरी गेलो, ती घेतली आणि परत आलो. वीस मिनिटांचा रस्ता. कोर्टात हे कुणी विचारलं नाही."

हे तो मला सांगत होता तेव्हा मला एकही विनोद सुचला नाही.

सहा आठवड्यांनी मंडळाचं पत्र आलं. मिस थ्रेलफॉलने चांगलं लिहिलं होतं: कैदी प्रथमच मनापासून बोलला. मंडळालाही ते पटलं. पण हल्ला ठरवून केला होता हे नव्याने पुढे आलं, सबब त्यावर सुधारणेचा नवा कोर्स, आणि दोन वर्षांनी पुन्हा सुनावणी.

"पुलावरच थांबला असतास तर?" मी विचारलं.

"तर लपवतोय म्हणाले असते."

"मग आता?"

"आता काही लपवत नाही, म्हणून ठेवलंय," सेल्विन म्हणाला, आणि दार लावायची घंटा झाली तसा आपल्या कोठडीत गेला.