सत्कारमूर्ती

"मी जाऊ का, जी?" असं विचारल्याशिवाय तो कुठूनच उठत नसे. पानठेल्यावरून नाही, नळावरून नाही. एकदा मी त्याच्या ओसरीवर बसलो होतो. आतून बायकोने हाक मारली, तर हा मलाच विचारतो, "मी जाऊ का?" मी म्हटलं, "अरे बाबा, घर तुझं आहे!" तो ओशाळून हसला, पण मी मान हलवेपर्यंत जागचा हलला नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. थांबून पाहिली नसतील, इतकंच. आम्हीही थांबलो नव्हतो.

तो मूळचा भंडाऱ्याकडचा, वडील स्टील प्लांटमध्ये लागले म्हणून भिलाईचा झालेला. स्वतः एका ठेकेदाराकडे वेल्डर होता. त्या ठेकेदाराच्या गोदामावरच्या चौकीदाराचा खून झाला, आणि आदल्याच दिवशी याचं त्या चौकीदाराशी वाजलं होतं. तेवढ्यावर पोलिसांनी याला उचललं. सहा वर्षं आत काढली. मग खरे खुनी दुसऱ्याच चोरीत सापडले आणि कोर्टाने याला निर्दोष सोडलं.

गेला तेव्हा बडबड्या होता. आरतीत त्याचा आवाज सगळ्यांच्या वर. परतला तो कानात सांगितल्यासारखं बोलणारा. घरातला दिवा रात्रभर जळत ठेवायचा. "अंधारात झोप नाही येत जी. तिकडं बत्ती बुजतच नव्हती." पोरगी आजोबांना 'तू' म्हणे आणि बापाला 'तुमी'. तो नुसता तिच्याकडे बघत राही.

आता आमच्या मराठी मंडळाला सत्काराचा भारी सोस. कोणी रिटायर झालं, शाल. कोणाचा मुलगा इंजिनीयर झाला, शाल. अपेंडिक्स काढून परतलेल्या खजिनदारालाही आम्ही नारळ दिला होता. तेव्हा याला कसं सोडणार? मी मंडळाचा सचिव, कल्पना माझीच.

हॉल भरला. अध्यक्षांनी त्याच्या धैर्यावर भाषण ठोकलं, शाल पांघरवली आणि ते म्हणाले, "दोन शब्द बोला."

त्याने समोरच्या टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मी नाही केलं, जी."

कोणीतरी हसलं. गंमत करतोय असं वाटलं असावं.

"त्या राती मी घरीच होतो. पोरगी तापानं फणफणून राहिली होती. बायकोले विचारा. डॉक्टर साहेबाले विचारा."

अध्यक्ष घाईने म्हणाले, "हो हो, आम्हाला माहीत आहे." तर तो त्यांच्याकडे वळून, हात जोडून, पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. शाल खांद्यावरून घसरली, कपाळावर घाम आला. आम्ही त्याला पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. शेवटी कोणीतरी टाळी वाजवली आणि सुटका झाल्यासारखे आम्ही सगळेच टाळ्या वाजवू लागलो. त्या टाळ्या आठवल्या की माझे कान आजही गरम होतात.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. तो बाहेर आला नाही. चहा देताना त्याची बायको म्हणाली, "तुमी चांगल्या मनानं केलं, भाऊ. पन सहा वर्सं मी दुर्गले कोर्टात तारखेवर एकटीच जात होती. पोलिस यायले गाडीतून उतरवत, त हे पयले चारी बाजूले पाहात, आपलं कोनी आलं का म्हनून. तवा एखादा जन जरी आला असता..."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. आम्ही का गेलो नाही, हे मला ठाऊक होतं. पोलिसांनी उचललं म्हणजे काहीतरी असेलच, असं आम्ही धरून चाललो होतो. हे तिला सांगण्याइतकी लाज मी गिळू शकलो नाही. चहा संपवून उठलो.

महिन्याभरात ते कुटुंब जवळच्याच उतई गावी राहायला गेलं. तिथे मेहुण्याच्या दुकानात तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेल्ड करतो, असं कळलं.

यंदा आमच्याच गल्लीतल्या मावशींचा टेम्पो चालवणारा मुलगा एका चोरीच्या केसमध्ये आत गेला. मंडळात हळू आवाजात चर्चा झाली. "काहीतरी असेलच," कोणीतरी म्हणालं. कोणीच ते खोडलं नाही.

त्यानंतर घराच्या कागदांसाठी मी दुर्गला कलेक्टोरेटमध्ये गेलो होतो. परतताना कोर्टाच्या आवारातून निघालो, तर बाकावर मावशी बसलेल्या आणि त्यांच्या शेजारी तो. समोरून शिपाई जात होते. त्यांच्या खाकी कपड्यांकडे न बघता त्याने आपले हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. उतईहून तो आला होता, मावशींच्या मुलाच्या तारखेसाठी.

मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"पाहा मावशी! मी म्हटलं नव्हतं, मंडळाचे लोक येतीन म्हनून? हे आले आपले सेक्रेटरी साहेब."

मावशींनी मला हात जोडले. तो सरकला, त्याने बाकावर जागा केली.

घराचे कागद माझ्या काखेत होते. मी ते पिशवीत खोल सारले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.