गाण्याआधीची शिट्टी

रेडिओ कुणाकडेच नव्हता, ही पहिली पंचाईत. आमच्या आवडत्या रॉक बँडवर रविवारी सकाळी तासाभराचा खास कार्यक्रम लागणार होता. आम्ही तिघं जुने चाहते. दोघं मोबाइलवर ऐकायला तयार होतो, पण भोसरीत गॅरेज चालवणारे आमचे भाई अडून बसले. "ताई, एवढ्याशा डबीत काय ऐकायचं? ड्रम छातीत बसला पाहिजे!" शेवटी दुरुस्तीला आलेल्या एका गाडीत जाऊन बसलो. स्टिअरिंगपाशी भाई, शेजारी माझ्या तळवड्याच्या कंपनीतला मित्र, मागच्या सीटवर मी आणि वडापावची पिशवी.

बँड आमच्याच भागातला, मराठीत गाणारा. वीसेक वर्षांपूर्वी इथली कॉलेजची पोरं त्यांच्यापायी नुसती येडी झाली होती. मग त्यांचं आपसात बिनसलं आणि सगळं संपलं. मागे राहिलं ते भोसरीच्या मैदानावरच्या एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग. त्यात सगळ्यांत गाजलेल्या गाण्याआधी गर्दीतून एक शिट्टी येते. दोन तुटक, एक लांब. आणि लगेच ड्रम सुरू. ती शिट्टी कुणाची, यावर आम्ही वर्षानुवर्षं भांडत आलोय. मित्र स्वतः गिटार वाजवतो, म्हणून जरा जास्त शहाणा. तो म्हणायचा, ठरवून घातलीय, तालात कशी बसते बघ. भाई म्हणायचे, "छोडो राव, कुणीतरी आशिक असणार." मी दोघांशीही भांडायचे, कारण मला मुळात भांडायलाच आवडतं.

तर कार्यक्रमात निवेदिकेनं बँडच्या ड्रमरला नेमकं तेच विचारलं. आमचे घास तोंडातच राहिले. ड्रमर हसला. म्हणाला, ठरलेलं काहीच नव्हतं. उजवीकडच्या फाटकापासून शिट्टी आली, मला वाटलं आमचा साउंडवाला खूण करतोय, म्हणून मी सुरू केलं. तो माणूस कोण ते आजतागायत कळलं नाही. ऐकत असेल तर त्यानं फोन करावा, मला भेटायचंय त्याला.

"आशिक! बोललो होतो ना!" भाईंनी आनंदानं स्टिअरिंगवर हात आपटला आणि हॉर्न वाजला. मित्राचं तोंड एवढंसं झालं.  मी मात्र भांडले नाही, म्हणून दोघंही घाबरून मागे वळले.

उजवीकडचं फाटक म्हटल्यावर माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला होता. मैदानावरच्या त्या कार्यक्रमाला मी गेले होते आणि बाबा मला न्यायला त्याच फाटकाशी आले होते, शिफ्ट सुटल्यावर तसेच, कंपनीच्या कपड्यांत. बाबा मूळचे लातूरकडचे, उभा जन्म भोसरीत प्रेस शॉपमध्ये गेला. तिथं मोठाल्या मशिनी पत्रा दाबून आकार देतात. त्या दणदणाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळे कामगार एकमेकांशी शिट्ट्यांनी बोलायचे.

"अहो, मग विचारा की त्यांना!" मी हे सांगताच भाई ओरडले.

फोनवर विचारण्यात अर्थ नव्हता. त्या मशिनींनीच बाबांचे कान नेले. मी स्कूटर काढली आणि तडक चऱ्होलीला बाबांचं घर गाठलं. वाटेत एकच किडा डोक्यात वळवळत होता: शिट्ट्यांनी बोलायचे, तर मग त्या दिवशी बाबा म्हणाले तरी काय?

बाबा गॅलरीत मेथी निवडत बसले होते. मी त्यांच्या कानाशी गाणं लावलं.

"ढोल वाजायलाय," बाबा म्हणाले.

"त्याच्या आधी, बाबा! शिट्टी!"

"कुठाय शिट्टी?"

पुन्हा लावलं. कानातल्या यंत्राचा आवाज वाढवून लावलं. जाडे आवाज त्यांना कळतात, बारीक मुळीच नाही. "न्हाई बा," म्हणून ते मेथीकडे वळले. माझा असा संताप झाला! अख्ख्या पिंपरी-चिंचवडनं ऐकलेली शिट्टी, आणि ज्याला ऐकवायची त्यालाच ऐकू येऊ नये?

मग मी त्यांचा हात ओढला आणि तळव्यावर बोट दाबून शिट्टी उमटवली. दोन तुटक, एक लांब.

बाबांच्या हातातली जुडी खाली पडली. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "कोन अडकलं?"

"काय?"

"ही शिट्टी तुला कुनी शिकवली? ही उगं मारायची नसती. कुनाचा हात मशिनीत गेला तरच मारायची. ऐकली की ज्यानं त्यानं आपली मशीन बंद करायची."

"मग तुम्ही मैदानावर का मारली?"

त्यांना आठवायला वेळ लागला नाही. "तू पुढं नाचायलतीस. लोकं ढकलायलते. आन् एकदम तू खालीच गेलीस, दिसनाच झालीस. लई हाका मारल्या. त्या गोंधळात कोन ऐकतंय?"

मी त्यांना सगळं सांगितलं, मोठ्यानं, एकेक शब्द तोडून. त्या शिट्टीवरच गाणं सुरू झालं, लोकांनी ती डोक्यावर घेतली, ड्रमर तुम्हाला शोधतोय. बाबा खूश होतील असं वाटलं होतं. ते भडकलेच.

"म्हंजे बंद केलं न्हाई? शिट्टी ऐकून चालू केलं? येडे हायेत का!"

"अहो बाबा, एवढं मैदान भरलं होतं. माझ्या एकटीसाठी सगळा कार्यक्रम बंद पाडणार होतात?"

"मग?" ते म्हणाले. "आधी बंद करायचं. बाकीचं मागून."

मला रडूच फुटलं. काही केल्या आवरेना. बाबा घाबरले, जवळ सरकले.

"तव्हा लागलं होतं का गं तुला? इतक्या वर्षांत बोलली न्हाईस."

"नाही हो, बाबा. चप्पल निसटली होती, ती शोधायला वाकले होते."

तरी त्यांनी माझे दोन्ही हात उलटसुलट करून, एकेक बोट नीट पाहून घेतलं.