शालनबाईंच्या नावावरची कमाई

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्याशी मी सगळं बोलतो — गुडघेदुखी, बदलीची भीती, धाकट्या भावाचं वागणं — पण इथं आलं की जीभ अडखळते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून धजतोय. गावाचं नाव विचारू नका. जळकोटच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की जी चार-सहा गावं लागतात, त्यातलंच एक, एवढं पुरे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. गावात मला मान आहे, आणि तो मला आवडतो — हेही आधीच कबूल करून टाकतो. कुणाचा अर्ज, कुणाचं आधार दुरुस्त करायचं, कुणाचं रेशनकार्ड वेगळं करायचं, लोक माझ्याकडं येतात. कागद कळणारा माणूस अशी माझी ख्याती. स्टाफरूममध्ये इन्कम टॅक्सचा विषय निघाला की मग मला आवरणं अवघड. लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ना, तो मीच.

क्रेडिट कार्ड मी हौसेनं घेतलं. पॉइंट साठले, त्यावर घरात मिक्सर आला, बायको खूश झाली. मग कळलं की दुसऱ्याला कार्ड काढून दिलं तर बोनस मिळतो. आणि मास्तर लोकांना कार्ड देणं किती सोपं — पगार ठरलेला, बँक लगेच होकार देते. महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद भरते, आसपासच्या सगळ्या शाळांचे शिक्षक एकत्र येतात. दुपारी डबे उघडले की मी मोबाईल उघडायचो. जेवताजेवता चार फॉर्म भरून व्हायचे. हसत-खेळत चाललं होतं सगळं.

एकानं विचारलं, सर, ह्या पॉइंटवर टॅक्स लागतो का? मी फळ्यापुढं उभा असल्यासारखा समजावून सांगितलं. आपण खर्च केला, त्यावर पॉइंट मिळाले, ती झाली सूट. दुकानदारानं शंभराची वस्तू नव्वदला दिली तर दहा रुपये आपण कमावले का? नाही. पण दुसऱ्याला गिऱ्हाईक म्हणून आणून दिलं आणि त्याचे पैसे मिळाले, तर ती कमाई. ती दाखवायची, तिच्यावर टॅक्स भरायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. हे लक्षात ठेवा — मला फरक माहीत होता. अडाणीपणानं काही झालेलं नाही.

त्या वर्षी रिटर्न भरताना माझ्या नावापुढं पगाराच्या खाली दुसरी ओळ दिसली. कमिशन. बँकेनं टॅक्स कापून सरकारला कळवलंही होतं. सरकारी मास्तरानं परवानगीशिवाय जोडधंदा करायचा नसतो. ऑफिसातल्या एखाद्या बाबूच्या नजरेला ती ओळ पडली असती तर? नोकरीला पाचसहा वर्षं उरली होती. तिथंच थांबायला हवं होतं, नाही का? मी थांबलो नाही. मी दुसरं नाव शोधलं.

शालनबाई आमच्या शाळेत पोषण आहार शिजवतात. नवरा मुलगी लहान असतानाच गेला. ती मुलगी, प्रतीक्षा, माझ्याच वर्गात शिकली. मुलांना वाढायच्या आधी मास्तरांनी खिचडी चाखून रजिस्टरवर सही करायची असते. ती सही बहुतेक दिवस माझी. म्हणजे ज्या बाईच्या हातचं मी रोज सगळ्यांच्या आधी खातो, तिच्याच नावाचं पॅन कार्ड मी काढलं. तिच्या नावानं बँकेत नवीन खातं उघडलं. कार्डं विकणाऱ्या एका ॲपवर तिची नोंदणी केली, म्हणजे पुढं मी काढून दिलेल्या कार्डांचं कमिशन तिच्या नावावर जमा. एटीएम कार्ड माझ्याकडं. मी आपणहून म्हणालो, पुढं उपयोगी पडतं. त्यांनी विचारलंही नाही. सरांनी सांगितलं म्हणजे चांगलंच असणार.

ओटीपी त्यांच्या फोनवर यायचा. त्यांना वाचता येत नाही. चुलीवरचं पातेलं सोडून त्या वर्गाच्या दारात यायच्या, फोनला तेल लागू नये म्हणून पदरात धरून. "सर, आलं बगा कायतरी." मी आकडा टिपून घ्यायचो. एकदा म्हणाल्या, हे कशाचं वो येतंय सारखं? तेव्हा मी परिषदेत समजावलेला फरकच उलटा फिरवला. म्हणालो, कमाई-बिमाई नाही शालनबाई, पॉइंट आहेत, दुकानात सूट मिळते ना, तसलं. दिवाळीला त्याच पैशातून त्यांना एक कुकर आणि एक साडी दिली. त्यांनी कुकर अख्ख्या गल्लीला दाखवला.

पण खरी हाव पुढंच आहे. त्यांच्या नावावरचाही टॅक्स कापला जात होता. त्यांचं उत्पन्न तेवढं नाही, रिटर्न भरलं तर कापलेला पैसा परत मिळतो, हे मला दिसत होतं. एवढासा पैसा — सोडला असता तर? पण सोडवेना. मी शालनबाईंच्या नावानं रिटर्न भरलं. त्यात कमिशनची कमाई व्यवस्थित दाखवली, पै न् पै. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात बिनचूक रिटर्न ते. त्याची पावती छापून त्यांचा अंगठा घेतला. खरं तर अंगठ्याची काही गरज नव्हती, पण त्यांना बरं वाटलं. म्हणाल्या, ह्यो कागद मला ऱ्हावू द्या. मी एक प्रत दिली. का दिली? मोठेपणा. दुसरं काय?

त्यांनी तो कागद आधार कार्ड आणि नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला. सरकारी शिक्क्याचा, आपल्या नावाचा मोठा कागद.

पुढच्या वर्षी प्रतीक्षा बारावी झाली. सोलापुरात एका संस्थेच्या नर्सिंग कॉलेजात गरीब मुलींसाठी फी आणि वसतिगृह माफ असलेली जागा तिला मिळत होती. अट एकच — उत्पन्नाचा दाखला, ठरलेल्या मर्यादेच्या आतला. नेमका मी त्या आठवड्यात प्रशिक्षणाला धाराशिवला होतो. मायलेकी सेवा केंद्रात गेल्या. तिथं विचारलं, उत्पन्नाचा काही पुरावा आहे का? शालनबाईंनी पिशवीतून तोच कागद काढून दिला. जपून ठेवलेला, सगळ्यात भारी. अर्जाला तो जोडला गेला आणि दाखल्यावर त्यातला आकडा आला. मर्यादेच्या कितीतरी वर.

मी परत आलो तेव्हा त्या शाळेच्या पायरीवर बसलेल्या होत्या.

"सर, ह्यात माजी कमाई लिवलीया म्हणं. म्या कवा कमावलं वो?"

मी कागद हातात घेतला. उलटा-सुलटा केला. आणि म्हणालो, कॉम्प्युटरची चूक असणार, अर्ज करू. तीन अर्ज लिहिले मी. माझ्याच हातानं, सुवाच्य अक्षरात, की सदर महिलेचे असे कोणतेही उत्पन्न नाही. उपयोग होणार नाही हे मला पहिला अर्ज लिहितानाच ठाऊक होतं. खरं तर ते एकाच कागदानं सुटलं असतं — ही कमाई माझी आहे, असं मी लिहून दिलं असतं तर. त्याखाली सही केली असती तर माझी चौकशी लागली असती. मी कातडी वाचवली. जागा दुसऱ्या मुलीला गेली. प्रतीक्षा आता सोलापूर रोडवरच्या एका कपड्याच्या दुकानात उभी असते, दिवसभर घड्या घालत.

तुम्हाला वाटेल, कबुली झाली. मलाही तसंच वाटत होतं. पण हे तरी मी कधीतरी कुणापुढं बोललो असतो. जे बोलवत नाही ते याच्या पुढचं आहे.

प्रतीक्षानं आईशी बोलणं सोडलं. कागद खोटा कसा असेल? छापील आहे, खाली आईचा अंगठा आहे. तिच्या मनानं घेतलं की आईनं कुठंतरी कमावलं, साठवलं आणि आपल्यापासून लपवलं. गल्लीत कुजबुज सुरू झाली. कुकर आठवला लोकांना. चार महिने त्या घरात दोघी आपापलं वाढून घेऊन जेवत होत्या. शालनबाई खंगल्या. एक दिवस रजिस्टर घेऊन आल्या आणि सही झाल्यावरही उभ्याच राहिल्या.

"तुमी सांगा तिला. माजं न्हाय, पर तुमचं ऐकती ती."

मी गेलो. रविवार होता, दुकानाला सुट्टी. खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो, असं म्हणायचा मोह होतोय. ठरवलं नव्हतं. वाटेत फक्त एवढाच विचार करत होतो की यातून सुटायचं कसं.

प्रतीक्षा समोर बसली, मान खाली. मी तिला मुळाक्षरं शिकवलेली. शालनबाई चहा घेऊन दारात आल्या. आणि मी बोललो. "आईवर राग धरू नको बाळा. हातात कधी नव्हे तो पैसा आला, सांगायचं राहून गेलं असेल. माणसाकडून होतं. माफ कर तिला."

हे माझे शब्द. कुणी माझ्याकडून वदवून घेतले नाहीत.

शालनबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांना किती कळलं, मला माहीत नाही. अंगठा, ओटीपी, पॉइंट — कदाचित त्या क्षणी सगळं एकमेकांना जुळलं असेल. त्यांनी चहा माझ्यापुढं ठेवला. तोवर प्रतीक्षाला रडू फुटलं होतं. तिनं आईचा हात धरला आणि म्हणाली, मला आधी सांगायचं होतंस ना गं आई. मुलगी चार महिन्यांनी बोलत होती. शालनबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"व्हय बाई," त्या म्हणाल्या. "चुकलं माजं."

ते वाक्य माझं होतं. त्यांनी ते म्हटलं, आणि मी समोर बसून चहा संपवला.