शाल घालून काढलेला कोच

आमच्या कॉलेजची फुटबॉल टीम आम्ही कॉलेजात असताना कोणी पाहिली नव्हती. ती कुवेतमध्ये जन्मली. नव्वदीच्या मधल्या वर्षांत तेलात आणि पेट्रोकेमिकलमध्ये नोकरी धरून आमच्या त्या एकाच इंजिनिअरिंग कॉलेजचे इतके लोक फहाहीलच्या आसपास साठले होते, की प्राचार्य एकदा विमानानं आले असते तर त्यांना हजेरीच घेता आली असती. दर हिवाळ्यात तिथल्या भारतीय कॉलेजांच्या माजी विद्यार्थ्यांची फुटबॉल स्पर्धा व्हायची. नियम एकच होता, खेळाडूकडं त्या कॉलेजची डिग्री हवी. खेळ यायला हवा, असं नियमात कुठंही लिहिलेलं नव्हतं. त्यामुळं आम्ही होतो.

मी गोलकीपर. माझं त्या वेळचं वजन सांगत नाही, पण दोन खांबांमध्ये मी उभा राहिलो की उरलेल्या जागेतून जाताना बॉलला अंग चोरावं लागे. मैदान अबू हलीफाच्या मागच्या अंगाला, वाळूचं, गवताची काडी नसलेलं. वारा सुटला की समोरचा गोल दिसायचा नाही, आणि आपला गोल झाला की नाही हे प्रतिस्पर्ध्याला विचारावं लागायचं. अशाच एका वाऱ्यात मी मारलेली किक दक्षिणेला अशी गेली की थेट सौदीच्या हद्दीत उतरली असणार. बॉलकडं व्हिसा नव्हता, म्हणून परत आला नाही. माझी बायको म्हणते हे खोटं आहे. पण बॉल परत आला नाही, एवढं तीही मान्य करते.

आमचा कोच मात्र आमच्या कॉलेजचा नव्हता. कुठल्याच कॉलेजचा नव्हता. रत्नागिरीकडचे चाचा, शिक्षण उर्दू शाळेत सातवीपर्यंत, फहाहीलच्या बाजारात कुणा कुवेती मालकाच्या नावावर असलेल्या दुकानात शिलाईकाम करायचे. सगळ्या रिफायनरीचे कव्हरऑल, म्हणजे कामगारांचे गळ्यापासून घोट्यापर्यंतचे एकसंध कपडे, त्यांच्या मशीनखालून जायचे. आमच्या जर्सी शिवायला आम्ही त्यांच्याकडं गेलो. त्यांनी टेप न लावता, नुसतं बघून माझं माप लिहिलं आणि विचारलं, “हा कुठं खेळतो?” गोलवर, असं सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले की कापड जास्त लागेल, आणि शुक्रवारी मैदानावर आले. कशासाठी, तर जर्सी पळताना कशी बसते ते बघायला. त्यानंतर सहा वर्षं ते दर शुक्रवारी येत राहिले.

तरुणपणी ते गावाकडं अनवाणी फुटबॉल खेळायचे. त्यांच्या एका किकनं नारळाच्या झाडावरचे सात नारळ पडल्याचं ते सांगायचे. मी ते नऊ करून सांगतो. त्यांची कोचिंगची पद्धत साधी होती. सकाळी सहाला शिट्टी, मैदानाला दहा फेऱ्या, मग दोन टीम पाडून खेळ, आणि जुम्याच्या नमाजाला आंघोळ करून पोचता येईल अशा बेतानं शेवटची शिट्टी. खेळ संपला की त्यांच्या पिकअपच्या मागच्या फळीवर बिनदुधाचा सुलेमानी चहा. त्या चहावर त्यांनी आमच्यातल्या कित्येकांचे बॅचलरपणाचे हिवाळे काढून दिले. त्यांचं कुटुंब गावी, दोन वर्षांतून एकदा जाणं. आठवड्याचे सहा दिवस मशीन आणि सातव्या दिवशी आम्ही. शुक्रवार काढून घेतला असता तर त्या माणसाकडं कुवेतमध्ये दुसरं काही नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आणि तोच काढून घ्यायची पाळी आमच्यावर आली.

झालं असं की एका हिवाळ्यात, स्पर्धेआधीच्या सरावाच्या मॅचमध्ये, दक्षिण भारतातल्या एका कॉलेजनं आम्हाला हरवलं. किती गोलांनी, यावर आजही मतभेद आहेत. कॅप्टन सात म्हणतो. मी सगळे जवळून पाहिले, पण पाचानंतर मोजणं माझ्या स्वभावात बसलं नाही. दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी अध्यक्षांच्या फ्लॅटवर कमिटी बसली, टीमही जमली. अध्यक्ष पुण्याचे, आमच्यात सर्वांत सीनियर. कॅप्टन नाशिकचा, सर्वांत तापट. मी सेक्रेटरी, कारण माझं अक्षर चांगलं. कॅप्टननं सांगितलं की आपल्याच कॉलेजचा एक धाकटा नुकताच कंपनीत लागलाय, त्यानं पुण्यात कोचिंगचा रीतसर कोर्स केलाय, त्याच्याकडं प्लॅस्टिकचे शंकूसुद्धा आहेत. शंकूंनी आम्ही फार प्रभावित झालो. कोच बदलायचा ठराव साबुदाण्याची खिचडी निवायच्या आत मंजूर झाला.

मग प्रश्न आला, चाचांना सांगायचं कोणी. आणि पंचवीस इंजिनिअर, ज्यातला एकेक जण उकळत्या रिॲक्टरशेजारी उभं राहून डबा खायचा, ते सगळे चटईची वीण बघायला लागले. कॅप्टनची शिफ्ट निघाली. अध्यक्षांना चाचांनी मुलीच्या लग्नाचा सूट शिवून दिला होता, त्यामुळं त्यांचं तोंड बांधलेलं. माझ्याकडं वळून बघायला लागले, तेव्हा मी म्हटलं, “सत्कार करू या ना.”

इतकी वर्षं झाली, पण तो शब्द उच्चारल्यावर खोलीत पसरलेली ती शांती मला अजून आठवते. आपल्या लोकांत कुणाला हलवायचं असेल तर त्याच्या खांद्यावर शाल टाकतात. संस्थेचा जुना चिटणीस असो की मंडळाचा खजिनदार, शाल पडली की माणूस समजतो आणि पुढच्या बैठकीला येत नाही. कुणाला कडू बोलावं लागत नाही. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मानपत्र लिहायचं कामही मग माझ्याच गळ्यात पडलं.

काय मानपत्र लिहिलं होतं मी! त्यात चाचांना भीष्माचार्य केलं, दीपस्तंभ केलं, आणि शेवटच्या परिच्छेदात, जिथं लोक टाळ्यांच्या तयारीला लागलेले असतात तिथं, वयाचा आणि दगदगीचा विचार करून संघ आपणांस या जबाबदारीतून आदरपूर्वक मुक्त करत आहे, असं एक वाक्य हळूच सरकवलं. बायकांनी शाल आणली, नारळ आणला. अध्यक्षांचं भाषण इतकं लांबलं की सुरुवातीला कडेवर असलेली मुलं संपेपर्यंत चालायला लागली. चाचा रडले. इतके रडले की शाल पिळून वाळत घालावी लागली.

आणि पुढच्या शुक्रवारी मी मैदानावर पोचलो तर चाचा सगळ्यांच्या आधी हजर. गळ्यात शिट्टी, हातात मिठाईचा खोका. एकेकाला पेढा भरवत होते.

आमच्या हिशेबात ही शक्यताच नव्हती. त्यांच्या गावात शाल ज्याला घालतात त्याला मोठा करतात, घरी पाठवत नाहीत. मागून नवा कोच शंकू घेऊन आला. त्यानं शंकू मांडले. चाचांनी शिट्टी मारली. सहा वर्षांच्या सवयीनं सगळी टीम शंकू तुडवत दहा फेऱ्यांना निघाली, मी सुद्धा. नव्या कोचनं कॅप्टनकडं पाहिलं, कॅप्टननं अध्यक्षांकडं, अध्यक्षांनी माझ्याकडं. मी पळत होतो, म्हणून मला दिसलं नाही.

पण सोमवारी मला चाचांच्या दुकानात जावं लागलं. ठराव झाला होता, की ज्याचं अक्षर त्यानंच निस्तरावं. चाचा कव्हरऑलचा खिसा शिवत होते. भिंतीवर मानपत्र फ्रेम करून लावलेलं. मला बसायला स्टूल दिलं, चहा मागवला आणि गोलकीपरचं त्यांनी केलेलं नाव घेऊन म्हणाले, “गोली, मला मराठी वाचायला जड जातं. ते जरा मोठ्यानं वाच.”

मी वाचलं. भीष्माचार्य वाचलं, दीपस्तंभ वाचलं. शेवटच्या परिच्छेदाशी आलो आणि समोर मशीनवर तो माणूस मान खाली घालून ऐकत होता. माझी जीभ आपोआप वळली. म्हटलं, “यापुढंही आपलं मार्गदर्शन संघाला वर्षानुवर्षं मिळत राहो, हीच इच्छा.”

“असं लिहिलंय?”

“असंच लिहिलंय, चाचा.”

त्यांनी खिसा पुरा केला. दोरा दातानं तोडला. मग सांगितलं की त्यांची मोठी मुलगी गावी मराठी शाळेत शिकवते, आणि सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी टायपिंगवाल्याकडून मानपत्राचा फॅक्स तिला पाठवला होता. बापाचं कौतुक तिनं वाचावं म्हणून. तिनं फोनवर सगळं वाचून दाखवलं. शेवटाला येऊन थांबली.

“तेव्हाच कळलं?” मी विचारलं.

“तेव्हाच.”

“मग शुक्रवारी पेढे घेऊन आलात ते?”

“बघायला आलो,” चाचा म्हणाले. “इतकी शिकलेली पोरं. म्हटलं, एक तरी तोंडावर बोलेल. पेढा खाल्लात सगळ्यांनी. तू दोन खाल्लेस.”

चहा आला. मी तो हातात धरून बसलो. दुकानात दुसरी मशीनं चालू होती, तरी मला माझा आवाज फार मोठा वाटला. म्हटलं, “चाचा, तुम्हाला काढलंय. मी कमिटीत होतो. सत्काराची कल्पना माझीच.”

“आता बोललास,” ते म्हणाले. “चहा पी.”

त्या शुक्रवारी ते आले नाहीत. मी आग्रह केला होता, की नुसतं बसायला तरी या. तर म्हणाले, “दोन कोच असले की पोरं कुणाचंच ऐकत नाय. नव्याला त्याचं काम करू दे.” महिनाभर पिकअप मैदानाकडं फिरकली नाही. आमच्यापैकी एकेक जण काही ना काही शिवायला टाकायच्या निमित्तानं दुकानात जाऊन यायचा. त्या महिन्यात फहाहीलमध्ये जितक्या चांगल्या पँटी आखूड झाल्या तितक्या कधी झाल्या नसतील.

नव्या कोचचं काम मात्र चोख होतं. पाचव्या शुक्रवारी तो माझ्याकडं आला. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान पोरगा. सरळ उभा राहिला आणि म्हणाला, “सर, या स्पर्धेत मी तुम्हाला घेत नाहीये. तुम्ही खाली वाकत नाही.” शाल नाही, नारळ नाही. मी तसाच घामेजलेला दुकानात गेलो आणि चाचांना सांगितलं. मला वाटलं, ते त्याला दोन शिव्या हासडतील, मला बरं वाटेल.

“तुला तोंडावर बोलला?”

“तोंडावर.”

चाचांनी मशीनवर कापड झाकलं. “मग चांगला कोच हाय,” म्हणाले. “चल, मॅच कधी हाय त्याची?”

तो वाळूचा तुकडा आता राहिला नाही, तिथं इमारती झाल्या. दोन हजार सालानंतर चाचाही गावी परतले, आम्ही एकेक करत पांगलो, आणि आमची मुलं फुटबॉलच्या गप्पा इंग्रजीत मारतात. पण त्या मॅचला आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या झेंड्याशी उभे होतो. चाचा हात मागं बांधून. पूर्ण पहिला हाफ त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. आमचा डावा विंगर तीन वेळा उजव्या पायावर बॉल घेऊन अडकला, तेव्हा त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या मी पाहिल्या, पण हात मागंच.

हाफ टाइमला तोच विंगर धापा टाकत, सवयीनं, थेट आमच्याकडं पळत आला. “चाचा, काय करू? जागाच देत नाहीत.”

चाचांनी हात मागून सोडले नाहीत. नुसती हनुवटी मैदानापलीकडं वळवली, जिथं तो पोरगा शंकूंच्या मधोमध एकटा उभा राहून आपल्या टीमची वाट बघत होता.

“मला काय विचारतोस?” ते म्हणाले. “तुझा कोच तिकडं हाय.”