सर्व्हरचं म्हणणं ऐकणारी

"स्वल्प थांबा. तो काय म्हणतो ते आधी बघूया."

फोन खांद्यात धरून ती उजव्या हाताचं एक बोट वर करायची. पलीकडच्या गिऱ्हाइकाला ते बोट दिसायचं नाही, तरी तो गप्प बसायचा. 'तो' म्हणजे सर्व्हर. आमच्या ऑफिसात सर्व्हरला शिव्या सगळेच द्यायचे, त्याचं म्हणणं ऐकून घेणारी ती एकटीच होती.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. तुम्ही त्याचं कौतुक करत असाल. मी करत नव्हते. मला तिचा हेवा वाटायचा, आणि तो काही लहानसहान हेवा नव्हता.

म्हैसूरच्या कडेला हूटगळ्ळीत एका बेकरीच्या वर आमचं ऑफिस आहे. म्हैसूरच्या व्यापाऱ्यांच्या वेबसाइट आणि मेल आम्ही सांभाळतो. फाइल चढत नाही, मेल उतरत नाही, की त्यांचा फोन आमच्याकडे. नवऱ्याची बदली झाली म्हणून मी पुण्यातली नोकरी सोडून इथे आले आणि जवळच हिनकलला बिऱ्हाड केलं. पुण्यात मी हेच काम बऱ्याच मोठ्या कंपनीत करत होते. काही चुकलं की सर्व्हर कोणते कोणते आकडे दाखवतो आणि कोणत्या आकड्याचा अर्थ काय, हे मला तोंडपाठ होतं. इथे आपलंच राज्य, अशा समजुतीत मी पहिल्या दिवशी गेले, आणि मला तिच्या शेजारची खुर्ची मिळाली.

ती इथल्याच विजयनगर भागातली, मराठी घरातली. कितीतरी पिढ्या म्हैसुरातच गेलेल्या. घरी विठ्ठलाचं देवघर आणि वडिलांचं शिवणकामाचं दुकान. मला बघून तिचा चेहरा खुलला. "तू पुण्याची अल्वा? बरं झालं. इथे माझ्याशी मराठी बोलायला कोण पण नाही." 'अल्वा' म्हणजे 'नाही का'. तिचं एकही वाक्य त्याच्याशिवाय पुरं व्हायचं नाही.

वडिलांनी शिवलेले तिचे ब्लाउज असे बसायचे की मी माझ्या खांद्यावरची चुणी ओढत राहायचे. हेव्याची सुरुवात तिथूनच झाली म्हणायला हरकत नाही. त्यात विनय नावाची गोष्ट तिच्या अंगात औषधालाही नव्हती. कुणी अडलेलं दिसलं की "मी आहे अल्वा" म्हणत त्याच्या हातातला फोन काढूनच घ्यायची.

मेल उतरत नाही म्हटलं की आम्ही बाकीचे पासवर्ड तपासा, बंद करून चालू करा, असं सांगायचो. ती मात्र मेलचा प्रोग्रॅम बाजूला ठेवायची आणि काळी चौकट उघडून सर्व्हरशी स्वतः बोलायची. एकेक हुकूम हाताने टाइप करायचा. मी अमुक. हा माझा पासवर्ड. माझी पत्रं किती? पहिलं दे. दुसरं दे. सर्व्हर प्रत्येक हुकमाला एका ओळीत उत्तर देतो. ती उत्तरं ती आपल्या घरच्या मराठीत मोठ्याने सांगत बसायची. "आत ये म्हणतो. पत्रं आहेत म्हणतो. पहिली दिली, दुसरी दिली. तिसरी मागितली की गप्प." मग त्या तिसऱ्या पत्रात कुणाच्या तरी गृहप्रवेशाचा भलामोठा व्हिडिओ निघायचा. तो वाटेत अडकल्यामुळे मागची सगळी पत्रं खोळंबलेली असायची. तेवढं एक पत्र बाजूला काढलं की बाकीची भराभर उतरायची.

एकदा रेशमी साड्यांच्या दुकानदाराचा फोन मी घेतला. साड्यांचे फोटो वेबसाइटवर चढत नव्हते. लॉगइन होत होतं, पण फाइल पाठवली की सगळं ठप्प. मी क्षणात ओळखलं. पॅसिव्ह मोड, फायरवॉल, डेटाचा पोर्ट, सगळं मी त्याला माझ्या मोडक्या कानडीत नीट समजावलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम इल्वा?" म्हणजे मॅडम नाहीत का. मी जणू त्या खुर्चीत नव्हतेच.

तिने फोन घेतला. "तुमच्या दुकानात बोलणी गल्ल्यावर होतात आणि साड्या माडीवरून खाली येतात, अल्वा? इथे पण तसंच. बोलणी एका दाराने, माल दुसऱ्या दाराने. तुमचं माडीचं दार बंद आहे. नवीन कुलूप कोणी लावलं?" त्याने आदल्या दिवशीच इंटरनेटचा नवा डबा बसवून घेतला होता. मी सांगितलं तेच तिने सांगितलं होतं. पण त्याला ते तिच्याकडून कळलं, आणि मी संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्यावर विनाकारण डाफरले.

त्या सुमाराला आमच्या मालकांनी हेल्पडेस्कसाठी एक प्रमुख नेमायचं ठरवलं. ती जागा मला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. या गावात मी कुणाची तरी बायको म्हणून आले होते. भाजीवालीपासून घरमालकापर्यंत सगळे मला नवऱ्याच्या नावाने ओळखायचे. एक तरी गोष्ट मी स्वतः मिळवलेली असावी, एवढंच माझं म्हणणं होतं. आणि मधे ती बसली होती.

दसरा झाला आणि ती बंगळूरला मावशीकडे आठवडाभर रजेवर गेली. दुसऱ्याच दिवशी उदबत्तीच्या कारखान्याच्या मालकाचा फोन आला. सणापासून त्याला बाहेरच्या ऑर्डरीच येत नव्हत्या. व्यापारी म्हणत होते, मेल पाठवले, आणि याचा इनबॉक्स रिकामा. एक जुना परदेशी व्यापारी तर उत्तर मिळेना म्हणून दुसरीकडे वळायच्या बेतात होता. मी सर्व्हरवरची नोंद काढली. पत्रं येत होती, कुणीतरी ती उतरवून घेत होतं आणि सर्व्हरवरून पुसून टाकत होतं. आणि हे सगळं त्याच्याच कारखान्याच्या जोडणीवरून चाललं होतं. मी तसं सांगितलं. "तुमच्याच इथलं कुणीतरी पत्रं काढून घेतंय."

तो भडकला. मेलचा कंप्यूटर एकच, आणि त्यावर बसतो त्याचा सख्खा धाकटा भाऊ. त्याने सरळ आमच्या मालकांना फोन केला की तुमची नवी बाई माझ्या भावाला चोर म्हणते. मालकांनी मला आत बोलावलं. रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "ती येईपर्यंत थांबू." प्रमुखाची जागा माझ्या हातून गेली, हे मी तिथेच ओळखलं. माझं काहीही चुकलेलं नव्हतं आणि तरी ती गेली होती, याचा संताप मला आजही आठवतो.

ती परतली. मी काढलेली नोंद तिने दोनदा वाचली आणि म्हणाली, "बरोबर आहे अल्वा. उतरवणारा तिथेच आहे." मग कारखान्याला फोन लावला आणि भलतंच विचारलं. आयुधपूजा कशी झाली?

तो खुलला. इथे दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रांची पूजा असते. त्याने सगळं सांगितलं. मिश्रणाची यंत्रं, टेम्पो, वजनकाटा, सगळ्यांना हार घातले, कोहळे फोडले. आणि वडिलांच्या वेळचा एखादा जुना कंप्यूटर? तिने विचारलं. तोही माळ्यावरून काढला म्हणाला, पुसला, कुंकू लावलं. वडिलांनी धंदा त्याच्यावर वाढवलेला.

"चालू केला?"

केला तर. मेलेल्या यंत्राची पूजा कशी करणार?

"आणि बंद कधी केला?"

बंद केलाच नव्हता. वडिलांच्या वस्तूचं बटण बंद करायला कुणाचा हात धजला नव्हता. पडदा तेवढा विझवला होता. देवांच्या फोटोखाली, हाराखाली, तो कंप्यूटर वडिलांच्या वेळचा पासवर्ड वापरून आलेलं प्रत्येक पत्र इमानेइतबारे उतरवून घेत होता आणि जुन्या सवयीने सर्व्हरवरून पुसत होता. सगळ्या ऑर्डरी त्याच्या पोटात सुखरूप होत्या. परदेशी व्यापाऱ्याला त्याच दुपारी उत्तर गेलं.

तो तिचे आभार मानायला लागला तेव्हा तिने बोट वर केलं. "मी नाही. शोधून काढलं ते हिने. मी सुम्ने, नुसता, एक प्रश्न विचारला." मग तेच तिने मालकांच्या खोलीत जाऊन, दार उघडं ठेवून सांगितलं. आता तुम्हीच सांगा, अशा बाईचं काय करायचं? हुशारी तिच्याकडे होतीच, वर मोठेपणाही तिनेच घेतला. मला त्या दिवशी तिचा सगळ्यात जास्त राग आला.

मालकांनी प्रमुखाची जागा तिलाच देऊ केली. तिने ती घेतली नाही. तिला बंगळूरच्या एका कंपनीत नोकरी लागली होती. रजेत मावशीकडे राहून ती मुलाखत देऊन आली होती. जागा मला मिळाली. मी पेढे वाटले, पण मला ते उष्टं वाटत होतं.

तिच्या शेवटच्या दिवशी आम्ही खाली बेकरीत चहा प्यायला गेलो. बन तोडता तोडता ती म्हणाली, "एक सांगू? मला तुझा फार पोटशूळ होता."

मला वाटलं ती थट्टा करते आहे.

"खरंच. तू बोलतेस तसं मराठी आमच्या घरी कोणाला पण येत नाही. आई म्हणते, ती कशी बोलते, तू पण तशी बोल अल्वा. मी घरी तुझी वाक्यं म्हणून बघायची. 'मला असं वाटतं की.' 'माझी काही हरकत नाही.' नाही जमत. जीभ कानडीकडेच पळते. तू शेजारी बसून बोललीस की मला रडू यायचं." आणि हसून तिने उरलेला अर्धा बन माझ्या बशीत ठेवला.

असं काही ऐकल्यावर माणसाचं मन निवायला हवं. माझं निवलं नाही. इतके दिवस जी गोष्ट मी दातांखाली धरून ठेवली होती, ती तिने चहाबरोबर सहज सांगून टाकली होती. मला तेही जमलं नसतं. मी म्हटलं, "तुझं मराठी छान आहे," आणि चहा संपवला. ती हुणसूर रस्त्यावरून शहराकडे जाणाऱ्या बसमध्ये चढली. खिडकीतून हात हलवत कंडक्टरशी कानडीत काहीतरी घासाघीस करत होती.

गेल्या महिन्यात एका दवाखान्याचे एक्स-रे दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे पोचत होते, पण उघडत नव्हते. फाइल जात होती, वजन मात्र थोडं बदलत होतं. चित्र असलेली फाइल त्यांचा प्रोग्रॅम मजकूर समजून पाठवत होता आणि वाटेत तिची अक्षरं बदलत होता. हे मी काळी चौकट उघडून चहा गार व्हायच्या आत शोधलं. पुण्यात असताना याला मला अर्धा दिवस लागला असता.

डॉक्टरांनी माझं नाव विचारून घेतलं. मालक बाहेर येऊन शाबास म्हणाले. मी मान वळवून शेजारी पाहिलं, तिने पाहिलं की नाही ते बघायला. त्या खुर्चीवर वायरींचे खोके रचून ठेवले होते. मी त्यांच्याकडे बघत बसले, आणि मालक अजून काय म्हणाले ते माझ्या लक्षात नाही.