पूजेत ठेवलेलं लाल कार्ड

हरिणीला खोळंबलेली माणसं बघवत नसत. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही लोक नुसते बसलेले दिसले की यांचं अडलं कुठे, हे तिचे डोळे आपोआप शोधायला लागत. स्वभाव मूळचाच होता, बेंगळूरच्या कारखान्यात त्याला नाव मिळालं, इतकंच. कॉलेजात ती घरं बांधायचं शिकली होती, पण नोकरी मिळाली मोटारींचे भाग बनवणाऱ्यांकडे, आणि तिथे ती 'लीन' शिकली, म्हणजे माल, माणूस, वेळ काहीच खोळंबू न देता काम पुढे सरकवायची रीत. पुढे दुसऱ्यांना शिकवू लागली. मधे लग्न झालं, मोडलं. त्यावर एवढं पुरे.

तंजावूरला ती परतली वडिलांसाठी. शेषगिरी राव, राजवाड्यामागच्या मराठी गल्लीतले निवृत्त गणिताचे मास्तर. बायको गेल्यावर काही वर्षं त्यांनी एकट्यानं काढली, आणि मग एके दिवशी गॅसवर दूध ठेवून, दाराला कुलूप लावून ते बाजारात निघून गेले. शेजाऱ्यांनी दार फोडलं म्हणून घर वाचलं. बेंगळूरला चला म्हटलं तर म्हणत, "तिथं मज कोण ओळखतंय?" पुढे पुढे आपल्याच गल्लीतलं वळण त्यांना आठवेना, तेव्हा त्या प्रश्नात अर्थही फारसा उरला नाही, पण हट्ट उरला.

राहायचं तर नोकरी हवी. तंजावुरात कॉलेजं, कचेऱ्या, देवळं आणि घरं बांधणारे, यापलीकडे आहे काय? घरं बांधणाऱ्या एका मालकानं तिला घेतलं. त्याला सगळे मुदलाळी म्हणत, म्हणजे मालकच. तिरुवैयारुच्या रस्त्यावर त्याची घरांची एक रांग रखडली होती.

"पोंगलच्या आधी लोकांच्या हातात किल्ल्या दे," तो म्हणाला. "मग तुझं लीन राहील, तूही राहशील. नाहीतर बेंगळूरच्या गाड्या रोज सुटतातच, अम्मा."

म्हणजे पोंगलच्या, संक्रांतीच्या आत रांग पुरी झाली तर वडिलांच्या म्हातारपणाला माणूस, नाहीतर नाही. हे गणित मास्तरांच्या मुलीला कुणी समजावून सांगायला नको होतं.

जागेवर गेली तेव्हा तिथे जे सगळीकडे असतं तेच होतं. अर्ध्या रस्त्यावर वाळू. विटा एकदा उतरवल्या, मग सरकवल्या, मग पुन्हा हलवल्या. गिलावा व्हायच्या आधी सुतार येऊन बसलेला, आणि गिलाव्याच्या दिवशी नेमका तोच गावाला गेलेला. गवंडी सिमेंटची वाट बघतायत, सिमेंट पावसात भिजतंय. सगळ्यांचा घाम निघतोय आणि घर तिथल्या तिथे. हरिणीनं ढीग हटवले. माल लागेल तसा आणि लागेल तेवढाच आणायचा. स्लॅबखाली लावायच्या टेकूंचे आणि फळ्यांचे ज्यादा संच तिनं परत पाठवले, कारण पडून राहिलेली वस्तू म्हणजे वाया गेलेली वस्तू. एका घराचे टेकू सुटले की पुढच्या घराला लागायचे.

"अम्मा, वाळूचा ढीग नेलात," मुख्य गवंडी कात्तवरायन म्हणाला, "आता जेवल्यावर पाठ टेकायची कुठे?"

"घर लवकर बांधा. घरात टेका."

"ते घर आमचं असतं तर बांधलंच असतं की लवकर."

लोक हसले. तीही हसली. तिथे ती वाईट नव्हती, हे सांगायला हवं. उन्हात उभी राहायची, डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बायकांसाठी तिनं सावलीची जागा आणि संडास आधी करून घेतला, मग स्वतःची खोली. अंजलै नावाची एक बिगारी बाई तर तिच्या डब्यातलं सांबार चाखून रोज सांगायची, "मराठी लोकांना आंबट कळत नाही, अम्मा."

सगळ्यात कामाची निघाली ती कार्डं. प्रत्येक घराच्या पुढच्या भिंतीवर एक खिळा, खिळ्याला एक कार्ड. हिरव्यावर तमिळमध्ये 'चला', लालवर 'थांबा'. हिरवं असेल तर पुढच्या टोळीनं कुणालाही न विचारता काम सुरू करायचं. लाल असेल तर हात लावायचा नाही. आधी निम्मा दिवस मुख्य गवंड्याला शोधण्यात जायचा. टेकूवाल्या टोळीचा मुकादम तंगय्यन पहिल्यांदा नाक मुरडून म्हणाला होता, "कार्ड बोलणार असेल तर मला पगार कशाला?" पण महिन्याभरात तोच नव्या पोरांना शिकवू लागला: तोंड बघू नका, खिळा बघा.

रांग पुढे सरकू लागली. मुदलाळी पाहुण्यांना आणून ती दाखवू लागला.

पाचव्या घराचा पुढचा स्लॅब पावसात ओतला गेला. नवरात्राच्या तोंडावरचा पाऊस तंजावुरात सांगून येत नाही. दारावरून पुढे निघालेला तो स्लॅब, खाली खांब नाही. सगळा भार टेकूंवर. हरिणीनं त्यावर लाल कार्ड लावलं आणि रोजच्यापेक्षा जास्त दिवस ठेवायचं ठरवलं. तंगय्यनला आठव्या घरासाठी तेच टेकू हवे होते. तो दोनदा येऊन बघून गेला. लाल होतं, मुकाट परत गेला.

मग खंडेनवमीची आयुधपूजा आली. त्या दिवशी तंजावुरात हत्याराला हात लावत नाहीत. सगळ्या थाप्या, ओळंबे, घमेली धुऊन पाचव्या घराच्या दाराशी फळीवर मांडली, चंदन-कुंकू लागलं. पाचवंच घर, कारण त्याची मालकीण अंबुजाबाई पूजेला यायची होती. ती हरिणीच्याच गल्लीतली, मुलगा भरद्वाज सिंगापुरात, घर त्याच्यासाठी. ती आली, तिनं चपला काढल्या, आणि वर बघितलं.

"हे काय लिहिलंय गे?"

"थांबा," हरिणी म्हणाली. "स्लॅब अजून कच्चा आहे, आत्या. टेकू कुणी काढू नयेत म्हणून."

"पूजेच्या दिवशी माझ्या घराच्या तोंडावर 'थांबा' लिहितेस? घर थांबलं तर घरातलं सगळंच थांबतं, कळतंय की नाही तुज? पोराला अजून मूल नाही."

"आत्या, हे नुसतं कामाचं..."

"कामाचं ते तोंडानं सांग. इतक्या माणसांची तोंडं काय भाड्यानं दिलीयत?"

कात्तवरायनला मराठी येत नव्हतं, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. तो हळूच तमिळमध्ये म्हणाला, "काढा ना अम्मा, एका दिवसाचा प्रश्न. आज काम कोण करतंय? थापीसुद्धा झोपलीय."

हरिणीनं कार्ड काढलं. खरं सांगायचं तर तिलाही ते बघवत नव्हतं. तिची आई असती तर तिनंही अंबुजाबाईसारखाच हट्ट धरला असता. खिळा रिकामा नको म्हणून अंबुजाबाईनं फळीवरच्या कार्डांच्या गठ्ठ्यातून हिरवं उचललं, त्याला हळदीचं बोट लावलं आणि स्वतःच्या हातानं अडकवलं. लाल कार्ड बाकीच्या गठ्ठ्याबरोबर फळीवर गेलं, हरिणीच्या लॅपटॉपशेजारी. अंजलैनं त्यावर शेवंतीची फुलं ठेवली. आरती झाली, कोहळा फुटला, पोहे-चुरमुरे वाटले.

पूजा उरकल्यावर तिचा हात फळीकडे गेला होता. पण पूजेला मांडलेलं दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत उचलायचं नसतं, आणि अंबुजाबाई समोरच बसलेली. हिरवं तरी काढावं, तर खिळ्याखाली तिचीच खुर्ची. हरिणीनं मनात म्हटलं, सकाळी सगळ्यांच्या आधी येऊ. कात्तवरायनला सांगितलं, "पाचचे टेकू कुणी हलवायचे नाहीत." त्यानं मान डोलावली. तंगय्यनची टोळी आपला चुरमुऱ्यांचा वाटा घेऊन केव्हाच गेली होती.

दुसरा दिवस विजयादशमीचा. या दिवशी सुरू केलेलं काम अडत नाही, असं लहान पोरालाही ठाऊक. नावापुरतं का होईना, नवं काम आज लावायचं. हे हरिणीला ठाऊक नव्हतं का? होतं. पण घरी त्याच दिवशी पूजेतून पुस्तकं उचलून चार ओळी वाचायच्या असतात, आणि मास्तरांचा चष्मा सापडेना. तिनं घाई केली तशी त्यांना राग आला.

"आज वाचल्याबिगर घरातून पाय काढायचा नाही. तुझी आई काय म्हणेल?"

आई नाही, हे त्या सकाळी त्यांना आठवत नव्हतं. ती बसली. चष्मा उशीखाली निघाला. त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचलं, आणि ती ऐकत राहिली, कारण मधेच उठली असती तर सगळं पहिल्यापासून सुरू झालं असतं.

स्कूटर तिरुवैयारुच्या रस्त्याला लागली तेव्हा समोरून लोक पळत येत होते.

तंगय्यन चांगली वेळ साधून आला होता, कात्तवरायन यायच्याही आधी. खिळ्यावर हिरवं होतं, वर हळदीचा ठिपका. त्याच्या पोरांनी टेकू काढायला सुरुवात केली. फार वेळ लागला नाही. अंजलै स्लॅबखाली कालचा फुटका कोहळा गोळा करत होती, तिला तिथे रांगोळी काढायची होती. पोरं उड्या मारून बाहेर निघाली. ती वाकलेली होती.

मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं खरं, पण तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिची सासू बाहेर बाकावर बसली होती, आणि मांडीवरची पिशवी ती कुणाला घेऊ देत नव्हती. त्यात अंजलैचा जेवणाचा डबा होता.

पोलिसांनी तंगय्यनला नेलं. तो एकच म्हणत होता: हिरवं होतं. ते कुणी ऐकून घेत नव्हतं. टेकू त्यानं काढले, ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

मुदलाळीनं हरिणीला गाडीत बसवलं, काचा वर केल्या. आवाज चढवला नाही.

"कार्ड कुणी बदललं, हे मी विचारत नाही. तूही सांगू नकोस. तंगय्यन काही दिवसांत सुटेल, मी वकील देतो. बाईच्या घरच्यांचंही बघतो. तू रांग पुरी कर."

"तो पूर्वी विचारूनच करायचा. मीच सांगितलं होतं, विचारू नका, खिळा बघा."

"म्हणून तर म्हणतो, गप्प राहा. तू बोललीस तर तुझं लीन गेलं, तू गेलीस, तुझे वडील गेले. अंजलै काही परत येत नाही."

यात खोटं काही नव्हतं.

घरी तिनं सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि दुसरं होतं कोण? मास्तर त्या वेळी भानावर होते. कधी कधी ते पूर्वीसारखे लख्ख असत, आणि तेच जास्त कठीण.

"बोलूं नको गे," ते म्हणाले. "तो मुकादम सुटतोय म्हणाला न मालक?"

"त्याच्या नावावर राहील, अप्पा."

"राहू दे. मला नको कुणाचं नाव. मज एकटं ठेवून जाऊं नको." आणि त्यांनी तिच्या पदराचं टोक धरलं. ज्या हातानं गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी बीजगणित शिकवलं, त्याच हातानं.

ती रात्रभर त्यांच्याशेजारी बसली नाही, तळमळली वगैरेही नाही. त्यांना गोळी दिली, झोपवलं, दार बाहेरून लावलं आणि सरळ ठाण्यात गेली. जबाबात कात्तवरायनचं नाव घेतलं नाही, अंबुजाबाईचंही नाही. लाल कार्ड काढलं ते मी, परत लावलं नाही ते मी, एवढंच. सब-इन्स्पेक्टरनं दोनदा विचारलं, "नक्की लिहू ना?" त्याला दया आली असावी.

तंगय्यन सुटला. ठाण्याच्या दाराशी ती उभी होती. आभार मानायचं त्याला काही कारण नव्हतं, आणि त्यानं मानलेही नाहीत.

"पूर्वी मी टेकू काढण्याआधी दहा माणसांना विचारायचो," तो म्हणाला. "लोक वैतागायचे. तुम्हीच ते बंद केलंत." मग चालायला लागता लागता: "टेकू मात्र माझ्याच हातानं निघाले, अम्मा. ते तुम्हाला घेता येणार नाही."

मुदलाळीनं तिला काढलं. कार्डं काढली, खिळेसुद्धा उपटले. रांगेपुढे पुन्हा वाळूचे ढीग आले, सुतार पुन्हा वेळेआधी येऊन बसू लागला. पोंगलच्या आत किल्ल्या काही मिळाल्या नाहीत. पाचव्या घराच्या दारावर आता नवा स्लॅब आहे. अंबुजाबाई गल्लीत भेटली की पलीकडच्या बाजूनं जाते.

खटला हरिणीवर उभा आहे. जामीन मिळाला, पण अट अशी की तंजावूर सोडायचं नाही आणि ठरलेल्या दिवशी ठाण्यात येऊन सही करायची. बेंगळूरच्या जुन्या साहेबांनी बोलावलं होतं. तिनं कळवलं, येता येत नाही. ती गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेते. जी चार घरं अजून मुलं पाठवतात, त्यांची.

परवा जेवताना मास्तरांनी मान वर केली. "तू आता परत जाणार नाहीस न?"

"नाही, अप्पा. कोर्टानं जायला बंदी केलीय."

त्यांचं तोंड उजळलं. "चांगलं केलं कोर्टानं," ते म्हणाले, आणि त्यांनी आणखी भात मागितला. तिनं वाढला.